वाळूची पोती

"उद्या खांबाला हात लावू नकोस," नीलिमाताई म्हणाली.

मला हसूच आलं. उद्या आंतरविद्यापीठ खो-खोचा अंतिम सामना, तोही आमच्याच मैदानावर, आणि मी यजमान संघाची कॅप्टन. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हार घालू नकोस म्हणून सांगावं तसं हे सांगणं होतं.

आमचं विद्यापीठ सरकारी. संशोधनाचं म्हणून नावाजलेलं, पण गावात कुणालाही विचारलं तर तो दोनच गोष्टी सांगायचा, इथलं इंजिनिअरिंग आणि इथला खो-खो. सामन्याआधी यजमान कॅप्टननं खांबापाशी जायचं, उघड्या तळव्यानं खांबावर तीन थापा द्यायच्या आणि मग प्रेक्षकांनी पायांनी तोच ठेका धरायचा, ही तिथली रीत होती. कधीकाळी कुणीतरी मैदानात ढोल-ताशाला बंदी घातली होती, त्यावर पोरांनी काढलेली ही तोड. ठेका एकदा लागला की समोरच्या संघाच्या पोरींना एकमेकींचा 'खो' ऐकू यायचा नाही. आम्ही निम्मे सामने त्या पायांच्या जिवावर जिंकायचो, हे मी आज उघड सांगते.

आणि त्या वर्षी पाय आपटायला नवी कोरी गॅलरी होती. विद्यापीठाच्याच सिव्हिल विभागानं आखलेली, विभागप्रमुख देवस्थळी सरांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली. उद्घाटनाआधी तिच्यावर दिवसभर वाळूची पोती रचून ठेवली होती. गॅलरी किती वाकते ते मोजलं, वाकली अगदी नावापुरती. देवस्थळी सरांनी त्या पोत्यांखाली उभं राहून फोटो काढून घेतला होता आणि तो विभागाच्या दारातच लावला होता. मीही त्याच विभागात तिसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे येता-जाता सरांचं दर्शन व्हायचं.

नीलिमा सामंत त्याच सरांकडे पीएच.डी. करत होती. मूळची मालवणकडची, बोलायला मऊ, अभ्यासाला वाघीण. हॉस्टेलवर तिची खोली माझ्या शेजारी. मला बीम-कॉलम समजत नसले की मी तिच्याकडे जायचे आणि ती मला न हसता समजावून सांगायची. खेळाडू कोट्यातून आलेल्या पोरीला न हसता शिकवणारी त्या विभागात ती एकटीच होती. म्हणून तर मी तिला ताई म्हणायचे.

त्या दिवशी तिनं मला गॅलरीच्या खाली नेलं. उपांत्य सामन्याच्या वेळी तिनं आपल्या पुलांच्या अभ्यासातलं कंपन मोजायचं यंत्र तिथल्या तुळईला लावून बघितलं होतं. सहज म्हणून. आता ती तिथं उकिडवी बसून मला विचारत होती, "लहान पोराला झोका कसा देतेस?"

"झोका मागं आला की ढकलायचा."

"जोर लावून?"

"जोर कशाला लागतोय? वेळ साधली की झालं."

"तेच सांगतेय. ही गॅलरी पण झुलते वैजू. तिची झुलायची एक लय आहे आणि तुमचा ठेका तिच्याशी जवळजवळ जुळतोय. उपांत्य सामन्याला अर्धी गॅलरी रिकामी होती, तरी ती जेवढी हलली तेवढी हलायला नको होती. उद्या पायऱ्यासुद्धा मोकळ्या राहणार नाहीत."

मला आठवलं. सामना संपल्यावर पोरं खिदळत सांगत होती की गॅलरीसुद्धा आपल्याबरोबर नाचते, होडीत बसल्यागत वाटतं. त्या हलण्याची मजा घ्यायला मुद्दाम वरच्या रांगेत जाऊन बसणारी पोरं होती.

"पण वाळूची पोती ठेवून बघितली होती की," मी म्हटलं.

"पोती उड्या मारत नाहीत गं," ती म्हणाली.

एवढ्या हुशार माणसांचा विभाग. गॅलरी कशासाठी बांधतोय, तिच्यावर कोण बसणार, बसून काय करणार, हे शहराला ठाऊक होतं. ठेका तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. पण विभागात भार मोजायचा तो पोती ठेवूनच, अशी पूर्वापार पद्धत. पोती गप बसली, म्हणून पोरंही गप बसतील असं यांनी धरलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

नीलिमाताई हे सगळं सरांना आधीच सांगून आली होती. सर म्हणाले होते, स्पर्धा होऊन जाऊ दे, मग बघू. म्हणून ती माझ्याकडे आली होती. ठेका कॅप्टन देते, कॅप्टननं दिला नाही तर कदाचित लागणारच नाही, असा तिचा साधा हिशेब. मी विचारलं, उद्या मला कुणी जाब विचारला तर? ती म्हणाली, "मी आहे ना. मोजमाप माझ्याकडे आहे. मी सांगेन सगळ्यांना."

मी मात्र खांबाला हात न लावण्यावर थांबणारी नव्हते. तशीच तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. उद्या गॅलरी बंद ठेवा, नाहीतर निदान माइकवरून सांगा की पाय आपटू नका, एवढंच माझं मागणं होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, उद्या मंत्रिमहोदय येणार आहेत, माजी विद्यार्थी येणार आहेत. आपणच बांधलेल्या गॅलरीवर बसू नका असं आपणच सांगायचं?

"पण सर, पोरं जोरात असतात. उत्साहाच्या भरात..."

"उत्साह हा भार नसतो," सर म्हणाले. "तू खेळाडू कोट्यातली ना? मग तू खेळ. गॅलरी आमच्यावर सोड."

तिथून मी आमच्या प्रशिक्षकांकडे, बागवान सरांकडे गेले. मिरजेचा माणूस, बोलायला रांगडा, आमच्यावर जीव टाकणारा. ते क्रीडा संचालकांना भेटून आले आणि येताना त्यांचा चेहरा पडलेला होता. बराच वेळ मैदानावरचे खडे वेचत राहिले. मग म्हणाले, "वैजू, तू काय करशील त्याला मी आडवा येणार न्हाई. पण उभाबी ऱ्हाणार न्हाई तुझ्यामागं. माझी नोकरी अजून कच्ची हाय."

मला राग आला, पण निदान माणूस खरं बोलला. पुढं तेवढंही कुणी बोलणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅलरी ओसंडून वाहत होती. जिथं जिना होता तिथंही पोरं, कठड्यावर पोरं. पहिल्या वर्षाच्या मुली तोंडाला रंग फासून वरच्या रांगेत. माझा मावसभाऊ गावाहून आला होता, तोही तिथंच कुठंतरी. नाणेफेक झाली, आम्ही पळतीची बाजू घेतली. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी खांबाजवळून गेले आणि हात न लावताच पुढं आले.

क्षणभर सगळे गप्प झाले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात वरून कुणीतरी तीन वेळा पाय आपटले, आणि मग काय, सगळी गॅलरी सुरू झाली.

मी घोषणा करणाऱ्याकडे धावले. त्यानं माइक दिला नाही, संचालकांनी तसं बजावून ठेवलं होतं. मी गॅलरीपुढं जाऊन दोन्ही हात वर केले, थांबा, थांबा म्हणून हलवले. पोरांना वाटलं, कॅप्टन अजून जोर मागतेय. जोर वाढला. मी जेवढे हात हलवीन तेवढा ठेका चढायचा. गॅलरीखाली एक ट्यूबलाइट लोंबत होती, ती झुलायला लागली होती. आधी थोडी, मग जास्त. मी पळणारी बाई, लय माझ्या अंगात होती. पायांची आणि त्या ट्यूबची लय एकच आहे हे कळायला मला यंत्र लागलं नाही.

मी मागं फिरले आणि माझ्या पोरींना मैदानातून बाहेर बोलावलं. पहिल्या तिघी पळतीला उतरलेल्या होत्या, त्या बावचळून बघत राहिल्या. मी सगळ्यांना गॅलरीपासून लांब, समोरच्या बाजूच्या रेषेबाहेर नेऊन जमिनीवर बसवलं आणि सांगितलं, खेळायचं नाही. ठेका थांबल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

मंगल ऐवळे आमची सगळ्यात चपळ खेळाडू. तो सामना बघायला राष्ट्रीय शिबिराचे निवड समितीवाले आले होते, ते तिच्यासाठीच. ती माझ्यापुढं उभी राहिली.

"वैजू, माझ्या पोटावर पाय देतीयास."

"मंगल, गॅलरी पडंल."

"कोण म्हणतंय?"

"नीलिमाताई म्हणती. आन् मला दिसतंय."

ती बसली. माझ्यावर विश्वास ठेवून बसली की नाइलाजानं, ते मी तिला पुढं कधी विचारलं नाही. मला ते विचारायची हिंमतच झाली नाही.

खेळाडूच बसले म्हटल्यावर गॅलरीला काही कळेना. ठेका विस्कटला, मग थांबला. मग शिव्या सुरू झाल्या. बाटल्या, चपला, काय मिळेल ते येऊन पडायला लागलं. पडू दे म्हटलं. शिव्यांना लय नसते. मुख्य पंचांनी तीनदा बोलावलं, घड्याळ दाखवलं, आणि शेवटी समोरच्या संघाला विजयी जाहीर केलं. आमच्याच मैदानावर, आमच्याच माणसांपुढं, एकही गडी बाद न होता आम्ही हरलो. मंत्रिमहोदय उठून गेले. पोरं थुंकत खाली उतरली. ती एकेक करून उतरत होती आणि मी तिथं मातीत बसून रडत होते. सगळ्यांना वाटलं हरल्याचं रडतेय.

गॅलरी पडली नाही. तिथंच माझं सगळं चुकलं. पडली असती तर शंभर घरांत सुतक आलं असतं आणि मी बरोबर ठरले असते. पडली नाही, म्हणून मी घाबरट, मी विकली गेलेली, मी माथेफिरू. हॉस्टेलच्या माझ्या दारावर कुणीतरी चप्पल बांधली. वडिलांना गावात लोक विचारायला लागले, पोरगी असं का वागली म्हणून. ज्याचा जीव मी वाचवला तो मावसभाऊसुद्धा माझ्याशी बोलेना.

चौकशी समिती नेमली. समितीवर क्रीडा संचालक, कुलसचिवांच्या कार्यालयातले एक अधिकारी, आणि तांत्रिक बाजू बघायला म्हणून देवस्थळी सर. स्वतःच बांधलेल्या गॅलरीची चौकशी स्वतःच करायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्थळपाहणी करायची म्हणून समिती मैदानावरच बसणार होती. एप्रिल महिना, दुपार कलली तरी ऊन मी म्हणत होतं. शिपायानं गॅलरीच्या खाली, सावलीत टेबल मांडलं, खुर्च्या मांडल्या, पाण्याचा जग ठेवला. बागवान सर कडेला उभे होते. मला बसायला स्टूल दिलं.

मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. कुठं आवाज चढवला नाही. शेवटी म्हटलं, नीलिमा सामंत यांच्याकडे मोजमाप आहे, त्यांना विचारा.

नीलिमाताईला बोलावून घेतलं होतंच. ती पदराशी चाळा करत खुर्चीच्या टोकाला बसली. अधिकाऱ्यांनी विचारलं, गॅलरी धोकादायक आहे असं तुम्ही या मुलीला सांगितलंत का?

तिनं आधी देवस्थळी सरांकडे बघितलं. सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"माझा अभ्यास चालू आहे, एवढंच मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा."

त्यांचा. मला अहो-जाहो. मी तिच्याकडे बघतच राहिले. काल-परवापर्यंत माझ्या ताटातली भाकरी मोडून खाणारी बाई. मला वाटलं, उठावं आणि तिला गदागदा हलवावं. पण मी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिले.

"मोजमाप आहे का काही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"निष्कर्ष काढण्याजोगं नाही," ती म्हणाली. तिच्या प्रबंधाला एक वर्ष उरलं होतं आणि त्यावर सही देवस्थळी सरांची लागणार होती. हे मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

मग देवस्थळी सर सावकाश बोलायला लागले आणि कारकून उतरवून घ्यायला लागला. गॅलरीची भारचाचणी रीतसर झालेली आहे. सामन्याच्या दिवशी कोणताही धोका नव्हता. सदर विद्यार्थिनीनं कसलीही शहानिशा न करता विद्यापीठाची अप्रतिष्ठा केली आहे. मी वर बघत होते. तुळई जिथं खांबाला मिळते, तिथं नव्या सिमेंटचा वेगळ्या रंगाचा पट्टा होता. सामन्याआधी तो तिथं नव्हता.

तेवढ्यात वर पावलं वाजली. कबड्डीची पोरं संध्याकाळच्या सरावाला आली होती. गॅलरीच्या पायऱ्यांवर जोड-उड्या मारायच्या, शिट्टीच्या तालावर, हा त्यांचा रोजचा व्यायाम. पहिली शिट्टी झाली. सगळ्यांचे पाय एकदम आपटले. दुसरी. तिसरी. टेबलावरच्या जगातलं पाणी थरथरलं. त्या पट्ट्यातून बारीक भुकटी सुटली आणि कारकुनाच्या कागदावर पडली.

सरांचं वाक्य अर्धं राहिलं. ते वर बघत होते. मी माणसाचा चेहरा इतक्या पटकन उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"टेबल बाहेर घ्या," ते शिपायाला म्हणाले.

"भाईर लई ऊन हाय साहेब."

"घ्या म्हटलं ना."

शिपायानं टेबल ओढलं. संचालकांनी एक कड धरली, अधिकारी साहेबांनी जग उचलला. नीलिमाताईनं स्वतःची खुर्ची स्वतःच उचलली आणि सगळ्यांच्या आधी ती उन्हात जाऊन उभी राहिली. समिती भर उन्हात मैदानाच्या मधोमध बसली. देवस्थळी सरांनी डोक्यावर रुमाल टाकला आणि कारकुनाला म्हणाले, "हं, कुठे होतो आपण? लिहा. गॅलरी पूर्णपणे सुरक्षित आहे."

वर शिट्टी वाजतच होती.

"सर, वर पोरं हायत," मी म्हटलं.

"त्यांचे प्रशिक्षक आहेत तिथे. तू बस. तुझं अजून संपलेलं नाही."

त्या क्षणी मला सगळं समजलं. मला वाटत होतं, यांना कळत नाही. मी समजावून सांगायला कमी पडले, मी कोट्यातली, मला त्यांच्या भाषेत मांडता आलं नाही, असं मी इतके दिवस स्वतःला खात होते. यांना सगळं कळत होतं. माझ्याहून आधी आणि माझ्याहून जास्त. त्यांनी टेबल उचललं, खुर्च्या उचलल्या, पाण्याचा जग उचलला. पोरांना फक्त एक हाक मारायची होती, ती एकानंही मारली नाही.

मी स्टुलावरून उठले आणि गॅलरीकडे पळाले. मागून कुणीतरी माझं नाव घेतलं, बहुतेक संचालकांनी. जिना चढताना मी ओरडत होते, उतरा रे, खाली उतरा, आत्ता उतरा. पोरांनी मला ओळखलं. हरलेली कॅप्टन. काहीजण हसले, एकानं शीळ घातली. माझ्या मागून जड पावलं आली. बागवान सर होते, धापा टाकत. त्यांनी कबड्डीच्या प्रशिक्षकाच्या हातातून शिट्टी हिसकून घेतली आणि पोरांना म्हणाले, "चला, व्हा खाली. एकेकानं. पाय न आपटता."

पोरं उतरायला लागली. मी कठड्याला धरून वरच उभी होते, शेवटचं पोर खाली जाईपर्यंत. तिथून सगळं मैदान दिसत होतं. पुढं माझ्यावर दोन वर्षांची बंदी आली, मंगलचं शिबिर गेलं, आणि चौकशी सोडून विनापरवानगी निघून गेले हा आणखी एक गुन्हा त्याच कागदावर माझ्या नावे चढला. बागवान सरांची कच्ची नोकरी पुढच्या जूनमध्ये संपली. सुट्टीत गॅलरीला रंग देतोय म्हणून पडदे लावले आणि पडद्यांमागं लोखंडी टेकू उभे केले.

पण वरून तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच. कारकून लिहीत होता, नीलिमाताई मान खाली घालून बसली होती, आणि देवस्थळी सर, तोंडानं मजकूर सांगता सांगताच, आपली खुर्ची आणखी थोडी मागं सरकवत होते.